उजव्या कानातला श्वास

शांतता ही माणसाची खरी संपत्ती आहे आणि ती बाजारात मिळत नाही, असं संतांपासून सोसायटीच्या सूचनाफलकापर्यंत सगळ्यांनी सांगून ठेवलेलं आहे. दसऱ्याच्या सेलमध्ये तिच्यावर तीस टक्के सूट होती.

देवेश खवणेकरला ती तातडीने हवी होती. मुलुंड पूर्वेला त्याच्या शेजारची इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहायचा होता, आणि टॉवर वर जाण्याआधी बराच काळ खाली जातो. पायलिंगचा हातोडा सकाळी सुरू झाला की दुपारच्या जेवणालाच थांबायचा. देवेश एका विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायचा, तेही बहुतेक दिवस घरून. फोनवर लोक आपली गाडी खांबावर कशी आपटली ते सांगत, आणि दर वाक्याला शेजारून हातोडा 'धप्प' अशी साक्ष देई. दोन खोटे दावे नुसत्या त्या धप्पमुळे खरे वाटून मंजूर झाले होते.

"दुकानात जा, डोक्याला लाव, बरा वाटला तर घेऊन ये," असं त्याच्या बायकोचं, रुचिराचं मत होतं. रुचिरा शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला आकड्यांचा मोह नाही. देवेशला होता. बाहेरचा आवाज मारणारा बिनतारी हेडफोन घ्यायचा, तर आवाजाचा दर्जा, सोयी आणि किंमत या तिन्ही गोष्टींना रीतसर मार्क द्यायला हवेत, असं त्याचं म्हणणं. गणपतीपासून त्याने लोकांची परीक्षणं बघायला सुरुवात केली. पितृपक्षात तीन उमेदवार उरले: काळा, राखाडी आणि निळा.

काळ्याचा आवाज असा की तबलजीने बोट कुठे ठेवलंय ते कळावं. पण तो इतका महाग होता की तबलजीलाच घरी बोलावणं परवडलं असतं. निळा स्वस्त. त्याच्यात नुसता धमधमाट. बातम्या सांगणारी बाईसुद्धा ढोलावर बसून सांगतेय असं वाटे. राखाडी मधला. आवाज चांगला, किंमत सोसवणारी, चष्म्यावरून कानाला टोचत नाही, मोबाइल आणि लॅपटॉप एकाच वेळी जोडता येतात, एकदा चार्ज केला की आठवडा निघतो. बाहेरचा आवाज मारण्यात तर तिघांत पहिला. दोष एकच, आणि तो सगळ्या परीक्षणांत होता: वाऱ्यात त्याच्या माइकमधून कानात आवाज येतो.

"वाऱ्याचं काय करणारेस?" रुचिराने विचारलं.

"त्याला मी वजनच दिलेलं नाही. शून्य."

"का रे?"

"वारा? मुलुंडमध्ये?"

 राखाडी हेडफोन दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी आला. नाही पटला तर दहा दिवसांत परत.

दसऱ्याच्या सकाळी देवेश आंघोळ करून येईपर्यंत हेडफोनची पूजा झालेली होती.

हे देवेशच्या आईचं, जानकीचं काम. जानकी सत्तरीपलीकडची, वेंगुर्ल्याकडची. बोलायला लागली की अर्धी मुलुंडची असे आणि अर्धी गावची. तिचा नवरा धोंडू लोअर परळच्या एका गिरणीत साचेवाला होता, म्हणजे मागावर कापड विणायचा. गिरणीत दसऱ्याला प्रत्येक साच्याला झेंडूची माळ घालून, नारळ फोडून, ओल्या कुंकवाचा टिळा लावत. टिळ्याची जागाही ठरलेली: तेल घालायच्या भोकापाशी, कारण ते मशीनचं तोंड. गिरणी बंद पडली, तिच्या जागी मॉल झाला, पण खवणेकरांकडे टिळा लागत राहिला. फ्रिज, मिक्सर, वायफायची डबी, स्कूटर आणि हॉलमधला जुना टेबलफॅन, ज्याची मान फिरता फिरता खिडकीच्या टोकाला जरा अडकायची आणि मग सुटायची. टिळ्यातून कोणी सुटलं नाही.

"आई, अगं नवा आहे तो!" हेडफोन हातात घेऊन देवेश म्हणाला.

"म्हणून तर लावलंय. कुंकू लावल्याशिवाय मशीन चालू करूचा नाय."

"पण यावर?"

"तोंड शोधूक वेळ गेलो. बारीक भोकां दिसली, थंय लावलंय."

देवेशने कोरड्या फडक्याने पुसला. बरंचसं निघालं. सणाच्या दिवशी आईशी वाद नको म्हणून उरलेलं त्याने राहू दिलं.

सुट्टी संपल्यावर दुपारी तो पहिल्यांदा हेडफोन घालून कामाला बसला. बसायची जागा म्हणजे हॉलमधली खाट. वायफाय तिथे चांगलं येतं, असं तो सांगे. ती धोंडूची खाट होती. धोंडू गेल्या वर्षीच्या मे महिन्यात त्याच खाटेवर गेला होता. जानकी खाट हलवू देत नव्हती आणि नुसती रिकामी ठेवणंही कोणाला बरं वाटत नव्हतं, म्हणून वायफाय.

त्याने बटण दाबलं आणि मुलुंड नाहीसं झालं.

कमी झालं नाही, नाहीसं झालं. खिडकीतून समोरचा हातोडा वर जाताना दिसत होता, खाली येताना दिसत होता, आणि आपटताना काहीही होत नव्हतं. पिवळ्या टोपीतला एक माणूस तोंडाशी हात धरून दुसऱ्याला हाका मारत होता आणि त्या हाका कुठेच पोहोचत नव्हत्या. गावी भर दुपारी पाणंदीतून जाऊ नये म्हणतात, कारण त्या वेळी पानसुद्धा हलत नाही आणि माणसाला आपण एकटे नाही असं वाटायला लागतं. देवेशला वाटलं, हे तसंच आहे. मग त्याला वाटलं, मार्क बरोबर दिले आपण.

तेवढ्यात उजव्या कानात कोणीतरी श्वास घेतला.

सावकाश घेतला. खोलवरून ओढून, घरघरत, वर नेऊन, टोकाला क्षणभर अडकून. मग सोडला. त्याबरोबर देवेशच्या उजव्या गालाला काहीतरी गार लागून गेलं.

त्याने हेडफोन काढला. धप्प. कढईत रुचिरा काहीतरी परतत होती. जगात सगळं होतं. त्याने पुन्हा घातला. डाव्या कानात काही नाही. उजव्यात श्वास: ओढला, अडकला, सुटला. आणि गार.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. तिथे श्वास नव्हता. दार लावून बेडरूममध्ये उभा राहिला. नव्हता. परत येऊन खाटेवर बसला. जरा वेळ काहीच नाही. देवेशने सुटकेने मान टेकली. मग उजव्या कानात श्वास आला, जणू तो कुठे जाऊन येतोय हे बघत कोणी थांबलं होतं.

देवेश अपघात तपासणारा माणूस. त्याने रीतसर हेडफोन बंद केला, चालू केला, मोबाइलवरून काढून टाकला, परत जोडला. हेडफोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, दोन जण जोडलेले आहेत. घाम फुटून मग त्याला आठवलं, एक मोबाइल आणि एक लॅपटॉप.

नंतर ऑफिसचा फोन आला. उत्तरा, त्याच्या टीमची प्रमुख, ठाण्याहून बोलत होती.

"वा, आवाज एकदम क्लिअर आहे रे. नवा हेडफोन?"

"हो. दसऱ्याला घेतला."

"छान. फक्त तुझ्या शेजारी कोण झोपलंय का?"

देवेशने शेजारी खाटेवर बघितलं.

"हॅलो? अरे कोणीतरी श्वास घेतंय ना तिथे. बरं नाहीये का त्यांना? छातीत कफ झालाय चांगलाच."

"कोणी नाहीये इथे, उत्तरा."

"अरे मला ऐकू येतंय," उत्तरा म्हणाली, आणि जरा थांबून म्हणाली, "बघ, बघ. आता अडकला."

तिने तो फोन लवकर संपवला. त्यानंतर ती देवेशशी ईमेलवर बोलायला लागली.

रुचिराने हातातलं काम टाकून हेडफोन घातला, खाटेच्या कडेवर बसली आणि सासरे गेल्यानंतर पहिल्यांदाच तिने डोक्यावर पदर असल्यासारखी मान खाली केली. घरात धोंडूचा श्वास सगळ्यांच्या ओळखीचा होता. कापसाचे तंतू आयुष्यभर छातीत गेलेल्या माणसाचा श्वास. शेवटच्या वर्षात तो भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जायचा, आणि टोकाला अडकला की घरातले सगळे हातातलं थांबवून तो सुटायची वाट पाहायचे.

"डिफेक्टिव्ह आहे," रुचिरा म्हणाली. खाटेकडे न बघता उठली. "परत कर. आजच."

"तुला पण तसंच वाटलं ना?"

"मला काही वाटलेलं नाही. परत कर म्हणतेय."

त्याने मोबाइल काढला. परत देण्याचं कारण निवडायचं होतं: बॉक्स फाटलेला, रंग वेगळा, आवाजाचा दर्जा समाधानकारक नाही. देवेश बराच वेळ बघत राहिला. आवाजाचा दर्जा उत्कृष्ट होता, हीच अडचण होती.

"काय ता?" दारातून जानकीने विचारलं. "दोघांची तोंडां अशी कित्याक?"

"काही नाही आई. हेडफोन बिघडलाय."

"बघू दी."

"नको हो आई," रुचिरा म्हणाली, आणि तिथेच चुकलं. नको म्हटलेली गोष्ट जानकीने आयुष्यात सोडली नव्हती. ती खाटेवर बसली, हेडफोन डोक्यावर चढवला, अंबाडा मध्ये आला म्हणून थोडा मागे सारला. दोघं तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. तिचे ओठ हलले नाहीत, डोळे हलले नाहीत. तिच्या कपाळावरची पांढरी बट मात्र जराशी उडाली आणि बसली. पुन्हा उडाली आणि बसली.

"ह्यो हेंचो श्वास," जानकी म्हणाली. दुधाची पिशवी कुठल्या डेअरीची आहे ते सांगावं, तशी.

"आई, ते माइक असतो ना, त्याच्यात काहीतरी…"

"गप रव. इतक्या वर्षांत माका हेंचो श्वास कळूचो नाय?"

तिने हेडफोन काढून मांडीवर घेतला आणि परत दिला नाही. मग तिने त्यांना एक गोष्ट सांगितली. ती देवेशला ठाऊक नव्हती.

साचेखात्यात एका वेळी शेकडो माग चालत. तिथे बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून साचेवाले आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलत आणि एकमेकांचे ओठ वाचत. पुढे धोंडूचे कान गेले, आणि घरीही तो तसाच बोलायला लागला. चाळीत बायका म्हणायच्या, जानकीचा नवरा मुका आहे. मुका नव्हता, खूप बोलायचा. फक्त ते तिला एकटीलाच वाचता यायचं. भांडणसुद्धा. चाळीतलं सगळ्यात शांत भांडण त्यांचं असे.

इथवर देवेशला माहीत होतं. लहानपणी बाबा काय म्हणाले ते आईला विचारावं लागे.

"जायच्या दुपारी," जानकी म्हणाली, "तुम्ही दोघां खाली डॉक्टरांका आणूक गेलेलास. हेंनी माझो हात धरलो. ओठ हलवले. एकदा, दोनदा, तीनदा. पण कवळी काढलेली. डॉक्टरांनीच काढूक सांगितलेली ना, घशात जाईल म्हणून. बिनदातांचे ओठ मी कधी वाचले नव्हते रे. काय ता कळलाच नाय. आणि हे बघतत माझ्याकडे. सारखे बघतत. काहीतरी मागतत."

"मग?"

"मग मी 'होय' म्हटलंय."

 बाहेर हातोडा आपटत होता.

"मी होय म्हटल्यावर डोळे मिटले हेंनी. म्हणजे वचन दिलंय मी. कसला, ता माका ठावक नाय." तिने हेडफोनवरून हात फिरवला. "दीड वर्ष झाला. आता मागूक इलेत."

देवेशने रुचिराकडे बघितलं. वर्षश्राद्ध झालं होतं, गावी देवाला नारळ दिला होता, कावळाही शिवला होता. सगळी खाती बंद झाली होती. आणि आता हा माणूस ग्राहकसेवेच्या मार्गाने परत आला होता.

"परत करू नको हां," जानकी म्हणाली. "काय मागतत ता माका कळूक होया. मगे दी कोणाक द्यायचो तो."

"आई, रविवारपर्यंतच परत घेतात."

"तर रविवारपर्यंत विचारतंय."

त्या दिवसापासून जानकी रोज जेवण झालं की खाटेवर बसायची. कानाला राखाडी हेडफोन, हातात काही नाही, डोळे समोर हवेत एका ठरावीक उंचीवर, जिथे खाटेशेजारी उभ्या माणसाचे ओठ असतील तिथे. ती विचारायची. आवाज काढून नाही. धोंडूशी ती कधी आवाज काढून बोललीच नव्हती. नुसते ओठ हलायचे.

सासूबाई दुपारी एकट्याच भिंतीशी बिनआवाजाच्या गप्पा मारतात, हे रुचिराला सोसेना. ती शाळेतून आली की बॅग ठेवून जिन्यातच फोन बघत उभी राहायची. देवेशने लॅपटॉप बेडरूममध्ये नेला, वायफाय येत नसताना. पण दाराच्या फटीतून तो बघायचा. बघून बघून त्याला दोन-चार शब्द लागायला लागले, तेव्हा त्याला जास्तच गार वाटलं. 'गाव' हा शब्द त्याने ओळखला. 'भाऊ' ओळखला. गावच्या घराची वाटणी राहिली आहे का, असं ती विचारत असावी. विचारायची आणि थांबायची. बट उडायची, बसायची. मग ती मान हलवायची: नाही, ते नाही. पुढचं.

"काय काय विचारलंस?" एका संध्याकाळी त्याने धीर करून विचारलं.

"सगळा. गणपतीची पाळी सोडलीस म्हणून राग आसा काय. कवळी हवी काय. तिरफळां घातलेली आमटी खाऊची होती काय. तुझ्याविषयी पण विचारलंय."

"माझ्याविषयी काय?"

"ता त्यांचा नि माझा."

"मग काही म्हणतात का?"

"श्वास घेतत फक्त." जानकीने त्याच्याकडे तो लहान असल्यासारखं बघितलं. "पण थांबत नाय, म्हणजे अजून ता नाय. बरोबर विचारलंय की थांबतले."

देवेशने परीक्षणं करणाऱ्यांपैकी एकाला लिहिलं, की या हेडफोनमध्ये उजव्या बाजूला श्वासासारखा आवाज येतो का. त्याने उत्तर दिलं, ब्रदर, काही दिवस वापरा, सेट होतो.

घर हळूहळू बदललं. सगळे हलक्या आवाजात बोलायला लागले. खाटेसमोरून जाताना रुचिरा जरा वळसा घालायची, तिथे कोणी पाय पसरून बसलंय तशी. एकदा देवेशने सकाळी हेडफोन चार्जिंगवरून काढून पुन्हा कानाला लावून बघितला. खाटेवर. एकदाच. श्वास होता. देवेशने ओठ हलवले आणि त्याला समजलं की आपण 'बाबा' म्हटलंय, आवाज न काढता. गालाला गार लागलं. त्याने हेडफोन खाली ठेवला आणि दात घासायला गेला. आधीच घासलेले होते.

शेवटच्या दुपारी जानकीने जेवणाआधीच खाट गाठली.

"आई, जेवून घ्या ना," रुचिरा म्हणाली.

"मागाहून. आज शेवटचो दिवस ना गो."

देवेश या वेळी बेडरूममध्ये गेला नाही. दाराशी उभा राहिला. ऊन हॉलमध्ये निम्म्यापर्यंत आलं होतं. जानकीने हेडफोन घातला, बटण दाबलं आणि हवेतल्या त्या उंचीकडे बघितलं. ओठ हलले. बट उडाली, बसली. ओठ हलले. बट उडाली. बाहेर हातोडा वर गेला, आला. जानकीचा चेहरा घामाने चमकत होता. आता ती भराभर विचारत होती, उत्तराची वाट न बघता, आणि देवेशला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. मग ती थांबली. काही न विचारता तिने नुसतं एकच केलं: हात पुढे केला, हवेतच, कोणी तो धरावा असा.

बट उडाली आणि बसली. पुन्हा उडाली नाही.

जानकीने डोळे मोठे केले. पंजा तसाच.

"थांबले," ती मोठ्याने म्हणाली. इतकी मोठ्याने, की स्वयंपाकघरात रुचिराच्या हातातलं झाकण पडलं.

फ्रिजची घरघर बंद होती. वायफायच्या डबीचे दिवे गेले होते. बाहेर हातोडा अर्ध्यावर थांबून लोंबकळत होता आणि पिवळ्या टोपीवाले सगळे एका खड्ड्याभोवती जमून आत बघत होते. त्यांनी खणता खणता केबल तोडली होती.

"आई," देवेश म्हणाला, "लाइट गेलीय."

"आधी हे थांबले. मगे लाइट गेली."

"आई, एकाच वेळी…"

"माझ्या कानात होता का तुझ्या?"

 जानकीने हेडफोन काढला. रुचिरा हॉलमध्ये आली. उकाड्यात जानकी हळूहळू मान वळवून काहीतरी शोधत होती. आत्तापर्यंत होतं आणि आता नाही, असं काहीतरी. तिची नजर टेबलफॅनवर येऊन थांबली. झेंडूची सुकलेली माळ अजून त्याच्या गळ्यात होती. पात्यांनी शेवटचं अर्धं वर्तुळ घेतलं आणि ती थांबली. मान नेमकी खाटेकडे होती.

जानकी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने ओठ हलवले, अगदी सावकाश, दात ओठांआड लपवून, म्हाताऱ्या बिनदातांच्या माणसासारखे. एकदा. दोनदा. तीनदा.

"पंखो," ती म्हणाली. "पंखो बंद कर, म्हणत होते."

देवेशने पंख्याकडे बघितलं.

"साचेखात्यात पंखे नसत रे. वाऱ्यान धागो तुटता. हेंका जन्मभर वारो सोसलो नाय. गावाक उन्हाळ्यात कांबळा घेऊन निजत. आणि आमी? माणूस तळमळता, गरम होता म्हणून पंखो हेंच्यावर. फिरतो पण ठेवला नाय. सरळ हेंच्या तोंडार." ती थांबली. "हेंनी तीनदा सांगितला. मी होय म्हटलंय, आणि पंखो दोनवरून तीनार केलंय."

ती उठली, भिंतीपाशी गेली आणि पंख्याची पिन सॉकेटमधून उपटून काढली. वायर गुंडाळून पंख्याच्या पायाशी ठेवली.

"झाला," ती म्हणाली. "दी आता परत तुझा ता. रुचिरा, पानां घी गो."

तिने त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

जेवणानंतर देवेश खिडकीच्या उजेडात हेडफोन पुसायला बसला. वापरलेला दिसू नये म्हणून. डावी बाजू स्वच्छ होती. उजव्या बाजूला, बाहेरच्या माइकच्या बारीक भोकांवर, दसऱ्याचं कुंकू वाळून त्याचा पापुद्रा धरला होता. एका कडेने चिकटलेला, दुसऱ्या कडेने सुटलेला. नखाएवढाही नाही. देवेशने हेडफोन कानाला लावला आणि हाताने वारा घातला. पापुद्रा थरथरला, माइकने ते ऐकलं आणि उजव्या कानात धोंडू खवणेकरने श्वास घेतला. देवेशने हात थांबवला. श्वास थांबला. पुन्हा वारा घातला, पुन्हा घेतला. मान फिरवणारा पंखा येणार आणि जाणार, टोकाला अडकणार आणि सुटणार. गार गालाचाही उलगडा झाला. इतर लोकांच्या अपघातांची कारणं तो फोनवरून शोधून काढायचा.

त्याने ओल्या फडक्याने पापुद्रा पुसला. तो लालसर होऊन फडक्याला लागला. हेडफोन पुन्हा कानाला लावला. दोन्ही बाजूंना सारखंच: काही नाही.

"काय सापडलं?" रुचिराने विचारलं.

"कुंकू."

ती बघत राहिली. मग तिने पंख्याकडे बघितलं आणि तिला सगळं समजलं; गणित शिकवते ती.

"आईंना सांगणारेस?"

देवेशने आत बघितलं. जानकी बेडरूममध्ये जमिनीवर चटई टाकून निजली होती, तोंडावर पदर घेऊन, दीड वर्षात न लागलेल्या झोपेत. त्याने विचार केला, सांगायचं म्हणजे नेमकं काय? की श्वास पंख्याचा होता? ते तर तिनेच आधी शोधलं होतं, आणि एकही परीक्षण न बघता.

"लाइट आधी गेली का बाबा आधी?" रुचिराने हळू विचारलं.

"एकाच वेळी."

"नक्की?"

"तू होतीस ना इथे."

"मी आत होते. झाकण पडलं तेव्हा ओट्यावरची चिमणी चालू होती अजून," रुचिरा म्हणाली, आणि मग म्हणाली, "असेल. माझं लक्ष नव्हतं."

दुपार कलताना वीज आली. फ्रिज हुंकारला, वायफायने डोळे उघडले, हातोडा पूर्ण खाली आला. देवेशने हेडफोन बॉक्समध्ये बसवला, मोबाइल उघडला आणि परत देण्याचं बटण शोधलं. ते राखाडी झालेलं होतं. दहा दिवस दसऱ्यापासून नव्हे, पार्सल आल्याच्या दिवसापासून मोजतात. मुदत काल संपली होती.

पंखा तेव्हापासून बंद आहे. जानकीने वचन दिलेलं आहे, त्यामुळे पिन लावायची सोय नाही. ऑक्टोबर चालू आहे. हॉलमध्ये फार उकडतं.